कमाल अधिक किमान, भागिले दोन

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार. आपल्या दैनिकात हवामानाचा जो छोटा चौकोन रोज येतो, त्यात कमाल, किमान आणि ‘सरासरी’ असे तीन आकडे असतात. त्याच अंकातल्या बातमीत मात्र ‘पारा सरासरीपेक्षा तीन अंशांनी वर’ असे वाचायला मिळते. या दोन सरासरी एकमेकींच्या कोणी लागत नाहीत. चौकोनातली आहे त्या एका दिवसाच्या तापमानाची. बातमीतली म्हणजे त्या ठिकाणी त्या सुमारास तापमान साधारण किती असते याचा तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेला आकडा; जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार त्यासाठी सध्या १९९१ ते २०२० हा कालखंड धरतात. शिवाय बातमीतले ‘तीन अंश’ बहुधा कमाल तापमानापुरतेच असतात. चौकोनात सरासरी २८ असली, की वाचक बिचारा त्यातून तीन वजा करून बघतो आणि काहीच जुळत नाही. बातमीत ‘सामान्यपेक्षा’ असा शब्द वापरला तर हा घोळ फुकटात मिटेल.

उरतो तो चौकोनातल्या सरासरीचा प्रश्न. ती कशी काढली हे कुठेच लिहिलेले नसते, आणि पद्धत बदलली की आकडा बदलतो. तोही दशांशाने नव्हे, कधी कधी जवळपास एका अंशाने.

खरे तर दिवसाची सरासरी म्हणजे दर तासाला एक अशी २४ वाचने घ्यायची, बेरीज करायची आणि २४ ने भागायचे. स्वयंचलित केंद्र असेल तर हे सोपे. पण काचेच्या तापमापकाजवळ रात्री दोनला आणि तीनला कोण जाऊन उभे राहणार? म्हणून मोठ्या वेधशाळांत दर तीन तासांनी वाचन होते: आपल्या घड्याळाप्रमाणे पहाटे अडीच, साडेपाच, सकाळी साडेआठ, साडेअकरा, दुपारी अडीच, सायंकाळी साडेपाच, रात्री साडेआठ, साडेअकरा. या अर्ध्या अर्ध्या तासांचे कारण म्हणजे जगभरची वाचने जागतिक वेळेनुसार ०, ३, ६, ९ अशा तासांना होतात आणि आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे आहोत. लहान केंद्रांत सकाळी साडेआठ आणि सायंकाळी साडेपाच अशी दोनच वाचने होतात. तिथे सरासरीचा एकच मार्ग उरतो: कमाल अधिक किमान, भागिले दोन.

दोन्हींत फरक किती पडतो ते पाहू. हिशेबापुरता पुण्याकडचा डिसेंबरातला निरभ्र दिवस घ्या. आठ वाचने अनुक्रमे १३.४, ११.६, १३.८, २४.२, २९.०, २६.४, १९.८ आणि १६.२. बेरीज १५४.४, आठाने भागले की १९.३. त्याच दिवशी किमान ११.० (सूर्योदयाच्या जरा आधी) आणि कमाल २९.४ (दुपारी तीनच्या सुमारास). दोन्हींची बेरीज ४०.४, निम्मे २०.२. म्हणजे एकाच दिवसाच्या दोन ‘सरासरी’, आणि मध्ये ०.९ अंशाचे अंतर. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले, हे लक्षात घेतले म्हणजे ०.९ ला किरकोळ म्हणता येणार नाही.

हे अंतर पडते ते दिवसाच्या आकारामुळे. हिवाळ्यात दख्खनच्या पठारावर तापमान कमालाजवळ जेमतेम तीन-चार तास टिकते. थंडी मात्र रात्रभर मुक्काम ठोकून असते. वरच्या आठ वाचनांपैकी पाच २०.२ च्या खाली आहेत. कमाल-किमानाचा मध्य काढताना किती तास थंडी होती याचा हिशेब कुठेच येत नाही. कुलाब्याला जुलैत हाच हिशेब केला तर दोन्ही उत्तरे जवळपास सारखी येतील, कारण पावसाळ्यात तिथे दिवस-रात्रीतला फरकच चार-पाच अंशांचा. पठारावर, कोरड्या ऋतूत, निरभ्र आकाशाखाली ही गफलत सर्वांत मोठी होते.

ही अडचण नवी नाही. जर्मनीतल्या मॅनहाइमच्या हवामान मंडळाने १७८० मध्ये सकाळी ७, दुपारी २ आणि रात्री ९ अशा तीन वेळा ठरवल्या होत्या. त्या तीन वाचनांवरून सरासरी काढताना रात्री नऊचे वाचन दोनदा धरायचे आणि चाराने भागायचे, ही रीत पुढे युरोपात बरीच चालली. नऊचे वाचन दोनदा घेतल्याने न मोजलेल्या रात्रीचा वाटा भरून निघतो. आपल्याच उदाहरणात सातला ११.२, दोनला २८.६ आणि नऊला १९.२ धरले तर ११.२ + २८.६ + ३८.४ = ७८.२, भागिले चार म्हणजे १९.५५. तीनच वाचने, तरी आठ वाचनांच्या उत्तरापासून फक्त पाव अंश दूर. जुन्या लोकांनी लढवलेली ही युक्ती आजही दाद देण्याजोगी आहे.

मग कमाल-किमानाची पद्धत टाकून द्यायची का? मुळीच नाही. देशातल्या जुन्या नोंदी याच पद्धतीच्या आहेत. जुन्या वर्षांशी तुलना करायची तर हीच पद्धत लावावी लागते. चूक होते ती दोन पद्धती एका रांगेत बसवल्यावर. मागच्या वर्षापर्यंत कमाल-किमानाचा मध्य आणि यंदापासून केंद्राच्या संगणकाने दिलेली २४ तासांची सरासरी असे केले, की कागदावर एका वर्षात हिवाळा थंड होतो. हवेत तसे काहीच झालेले नसते.

आता तापमापकांकडे वळतो, कारण भागाकार कितीही अचूक केला तरी वाचनच चुकले असेल तर तो भागाकार कशाचा? पांढरी, दुहेरी झडपांची, उत्तरेकडे दार असलेली लाकडी पेटी, म्हणजे स्टीव्हन्सन पेटी, अनेकांनी पाहिली असेल. दार उत्तरेला, म्हणजे वाचन घेताना ऊन आत शिरत नाही. आत चार तापमापक: ड्राय बल्ब (हवेचे त्या वेळचे तापमान दाखवणारा साधा), वेट बल्ब (फुग्यावर ओले कापड असलेला), कमाल आणि किमान. कमाल तापमापक पाऱ्याचा. त्याच्या फुग्याजवळ नळी चिंचोळी केलेली असते. तापताना पारा तिथून रेटून पुढे जातो, थंड होताना तिथेच तुटतो आणि टोक होते तिथेच राहते. तापाचा जुना थर्मामीटर असाच असे, आणि हाही तसाच झटकून उतरवावा लागतो. तो जवळपास आडवा, पण फुगा किंचित खाली ठेवून बसवतात. फुगा वर राहिला तर तुटलेला पारा पुढे घसरतो आणि कमाल फुगून दिसते.

किमान तापमापकात अल्कोहोल असते आणि त्यात डंबेलच्या आकाराची बारीक काडी. तापमान उतरताना द्रवाची कड काडीला मागे ओढते. तापमान चढले की द्रव काडीच्या बाजूने पुढे निघून जातो आणि काडी जागच्या जागी राहते. वाचायचे ते काडीचे फुग्यापासून लांबचे टोक. नवशिका हमखास जवळचे टोक वाचतो आणि काडीच्या लांबीइतके किमान खाली नोंदवतो. या तापमापकाचा दुसरा रोग जास्त लबाड आहे. उन्हाळ्यात अल्कोहोलची वाफ नळीच्या वरच्या टोकाला जाऊन थेंबाच्या रूपाने बसते. तेवढा द्रव मुख्य स्तंभातून कमी होतो आणि तापमापक कायम कमी दाखवू लागतो. समजा ०.८ ने कमी. मग सरासरी ०.४ ने कमी येत राहते, महिनोन्महिने, आणि कोणाला पत्ता लागत नाही. उपाय साधा आहे. रोज काडी जुळवून झाली, म्हणजे परत द्रवाच्या कडेला आणून टेकवली, की तिचे लांबचे टोक आणि ड्राय बल्बचे वाचन ताडून पाहायचे. सतत अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला तर वरच्या टोकाला थेंब शोधायचा. तापमापक फुगा खाली धरून हलके झटकायचा आणि काही तास तसाच उभा ठेवायचा, म्हणजे थेंब ओघळून खाली येतो.

वाचताना डोळा द्रवाच्या पातळीला हवा, नाहीतर दोन-चार दशांश इकडेतिकडे होतात. आधी दशांश वाचावा, मग पूर्ण अंश. पेटीसमोर उभ्या माणसाच्या अंगाची आणि श्वासाची ऊब फुग्याला लागायला वेळ लागत नाही. उलट घाईत पूर्ण अंशच चुकतो, म्हणून लिहून झाल्यावर पुन्हा एकदा पाहायचे. पाच किंवा दहा अंशांची चूक नोंदवहीत वाटते त्याहून जास्त वेळा सापडते.

पण या सगळ्यापेक्षा मोठी चूक तापमापक कधी जुळवला, म्हणजे पारा कधी झटकला किंवा काडी कधी कडेला आणली, यात दडलेली असते. एप्रिलमधला सोमवार धरा. दुपारी कमाल ४१.२ झाले. सायंकाळी साडेपाचला वाचन घेऊन पारा झटकला. तेव्हा हवेचे तापमान ३८.६ होते, म्हणून पारा तिथेच थांबला. मंगळवारी सकाळपासून ढग, दुपारी वळीव, खरे कमाल अवघे ३५.०. मंगळवारी सायंकाळी तापमापक काय दाखवणार? ३८.६. कारण तो आता खाली येऊच शकत नाही. सोमवारची उष्णता मंगळवारच्या खात्यावर चढली: कमालात ३.६ ची चूक, सरासरीत १.८ ची. थंडीत हेच किमानाचे होते. सकाळी साडेआठला १३.८ असताना काडी जुळवली, दुसऱ्या दिवशी ढगाळ हवेमुळे खरे किमान १६.४, तापमापक मात्र १३.८ च सांगतो.

म्हणून कमाल तापमापक सकाळी जुळवावा आणि सायंकाळी वाचावा. किमान तापमापक सायंकाळी जुळवावा आणि सकाळी वाचावा. असे केले की आदल्या दिवसाचे ओझे पुढे येत नाही. शाळा, महाविद्यालये, साखर कारखाने यांच्या केंद्रांत माणूस दिवसातून एकदाच फिरकतो. तिथे सकाळचे वाचन असेल तर मिळालेले कमाल कालच्या तारखेला आणि किमान आजच्या तारखेला लिहावे. दोन्ही एकाच ओळीत आजच्या तारखेला टाकली, तर कालची दुपार आणि आजची पहाट यांची सरासरी तयार होते. असा दिवस कोणत्याच कॅलेंडरात नसतो.

वळवाच्या दिवशी वेगळीच पंचाईत होते. पहाटेचे किमान २५, दुपारी दोनला ३९, आणि चारला गारांचा पाऊस होऊन तापमान २१ वर. दिवसातले सर्वांत कमी तापमान भरदुपारी! सकाळी वाचलेले किमान घेतले तर सरासरी ३२, चोवीस तासांतले खरे किमान घेतले तर ३०. या दोन्हींपैकी एकही उत्तर त्या दिवसाचे खरे वर्णन करत नाही. अशा दिवशी दर तासाच्या वाचनांना पर्याय नाही.

स्वयंचलित केंद्रांनी वाचनाचे कष्ट वाचवले, पण नव्या खोडी आणल्या. सौर पटलावरची बॅटरी दुबळी झाली की केंद्र पहाटे बंद पडते आणि ऊन आल्यावर उठते. म्हणजे गळतात ती नेमकी थंड वाचने. आपल्या उदाहरणातली पहाटे अडीच आणि साडेपाचची वाचने काढून उरलेल्या सहांची सरासरी काढा: १२९.४ भागिले ६, म्हणजे २१.६. खरे उत्तर १९.३ होते. सव्वादोन अंशांची वाढ, आणि यंत्राने एकही आकडा चुकीचा दिलेला नाही.

गळालेल्या वाचनाच्या जागी काही यंत्रे उणे ९९.९ असा खुणेचा आकडा भरतात, काही शून्य. साडेपाचच्या वाचनाजागी उणे ९९.९ राहिला तर सरासरी ५.४ येते; पुण्यात असा दिवस दिसला की कोणीही चमकून फाइल उघडेल. शून्य राहिला तर १७.९ येते, आणि हे जास्त धोक्याचे, कारण १७.९ कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही. एक्सेल रिकामी चौकट सोडून देते, पण शून्याला वाचन समजते. आणि कोणी ‘२९.४°’ असे चिन्हासकट टाइप केले असेल तर त्याला मजकूर समजून गपचूप वगळते. म्हणून सरासरीच्या शेजारच्या रकान्यात वाचनांची संख्या मोजून ठेवावी. ती २४ नसेल तर आधी कारण शोधावे, मग आकडा वापरावा. मध्येच एखादा तास गळाला असेल तर आजूबाजूच्या दोन वाचनांवरून भरायला हरकत नाही. पहाटेची सलग वाचने गेली असतील तर तो दिवस रिकामा सोडावा. महिन्यात असे ११ किंवा अधिक दिवस, अथवा सलग ५ दिवस गेले तर महिन्याची सरासरीच काढू नये, असा जागतिक हवामान संघटनेचा दंडक आहे.

वेळेचा घोळ तर नेहमीचाच. फाइलमधली वेळ जागतिक असते आणि वापरणारा ती आपली समजतो. ओळखायची खूण सोपी आहे: कमाल तापमान ‘सकाळी नऊ-साडेनऊला’ दिसू लागले की साडेपाच तास मिळवायचे राहिले आहेत. तारखेप्रमाणे गट करताना हे राहिले तर दिवस पहाटे साडेपाचला सुरू होऊन दुसऱ्या पहाटे साडेपाचला संपतो. त्या वेळी तापमान किमानाच्या आसपासच असते, त्यामुळे एकच थंड पहाट शेजारच्या दोन दिवसांचे किमान ठरू शकते.

संवेदकाची, म्हणजे यंत्राच्या तापमान टिपणाऱ्या भागाची चूक असेल तर ती कोणत्या जातीची आहे हे पाहावे लागते. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले. तपासणीत तिथला संवेदक सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे हवामान विभागाने जाहीर केले. त्याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश झळकले, आणि तेही सदोष संवेदकामुळे असल्याचा खुलासा झाला. संवेदक रात्रंदिवस तीन अंश जास्त दाखवत असेल तर सरासरीही तीननेच चढते. कितीही वाचने घेतली तरी ही चूक आपसांत फिटत नाही. पण संवेदकावरचे आच्छादन जुने, मळलेले असेल किंवा केंद्र सिमेंटच्या गच्चीवर, वातानुकूलन यंत्राच्या तोंडाशी असेल, तर दुपार जास्त फुगते आणि रात्र कमी. तेव्हा कमाल आणि किमान यांची शेजारच्या केंद्राशी वेगवेगळी तुलना करावी. नुसती सरासरी ताडून दोष कुठला हे कळत नाही.

पूर्णांकनाबद्दल थोडेच. महिन्याची सरासरी काढायची असेल तर रोजचे आकडे आधी पूर्ण अंशात गोळा करू नयेत, शेवटी एकदाच करावेत. कमाल-किमानाची बेरीज निम्म्या वेळा विषम दशांशात येते आणि उत्तर २०.१५ सारखे पडते. ते दर वेळी वर ढकलले तर महिन्याच्या सरासरीत सुमारे ०.०२५ अंशाची भर नुसत्या सवयीने पडते.

हे सगळे वेधशाळेपुरते नाही. द्राक्षबागायतदार उष्णतामानाचे एकक मोजतात: दिवसाची सरासरी वजा दहा. निफाडकडे जानेवारीत किमान ६ आणि कमाल २६ असेल तर सरासरी १६, एकके ६. पण दहाच्या खाली वेल वाढतच नाही म्हणून किमान दहाच धरायचे, अशीही रीत आहे. मग सरासरी १८ आणि एकके ८. रोजचा फरक दोनचा, तीस दिवसांत साठ एककांचा. तालुक्यातल्या दोन बागांनी वेगवेगळी रीत वापरून आपापल्या काढणीच्या तारखा ताडून पाहिल्या तर भांडण ठरलेलेच.

उन्हाळ्यात तर नुसती सरासरी छापूच नये असे माझे मत आहे. ४० आणि २० ची सरासरी ३०. ३४ आणि २६ ची सरासरीही ३०. पहिल्या गावात पहाटे गोधडी लागेल, दुसऱ्यात रात्रभर पंख्याखाली घाम येईल.

तेव्हा विनंती एवढीच की, चौकोनाखाली बारीक अक्षरात एक ओळ द्यावी: ‘सरासरी = (कमाल + किमान) ÷ २; कमाल काल सायंकाळी ५.३० पर्यंतचे, किमान काल सकाळी ८.३० पर्यंतचे, केंद्र शिवाजीनगर.’ वेळा आणि केंद्र जे असेल ते लिहावे. केंद्राचे नाव तर हवेच, कारण शिवाजीनगरचे कमाल आणि लोहगावचे किमान एका ओळीत आले, तर तो भागाकार कोणत्या गावाचा म्हणायचा?

आपला,
हवामानाच्या नोंदींचा एक अभ्यासक, पुणे